ताज उलटं बांधलेलं नाहीये हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ताज हॉटेलवर पानभर लेख आला होता तो वाचला. फोटो मस्त होते, भाषाही छान, पण मधे ती जी रंगीत चौकट टाकलीत ना, 'तुम्हाला हे माहीत आहे का?' वाली, त्यात परत तीच गोष्ट. म्हणे ताज चुकून उलटं बांधलं गेलं, म्हणे इंग्रज आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर पुढची बाजू मागे आणि मागची पुढे, आणि त्या धक्क्याने त्याने जीव दिला. संपादकसाहेब, ही गोष्ट मी शाळेच्या सहलीत ऐकली, नंतर लाँचवर ऐकली, टॅक्सीवाल्याकडून ऐकली, आता व्हॉट्सॅपवर दर महिन्याला येते. तिथे येते ते एकवेळ ठीक आहे, व्हॉट्सॅपला कोण विचारतंय. पण छापील पेपरात आली की लोकांना ती खरी वाटते, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण वैद्यांचं नाव तेवढं कापू नका. कोण वैद्य ते पुढे येतंच आहे.

आधी त्या गोष्टीचंच बघू. गोष्टीतला आर्किटेक्ट कधी इंग्रज असतो कधी फ्रेंच. कधी तो वरून उडी मारतो तर कधी समुद्रात जाऊन बुडतो, सांगणाऱ्याच्या मूडवर आहे. बरं, क्षणभर धरून चालू की झाली चूक. मग मला सांगा, पाया खणताना कुणाच्या लक्षात आलं नाही? आमच्याकडे गावात साधं दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं तरी येणारा जाणारा थांबून सांगतो की खिडकी अर्धा फूट डावीकडे गेलीय, आणि इथे पालवा बंदरावर (म्हणजे अपोलो बंदरावर), अख्ख्या मुंबईच्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं काम चालू होतं आणि मालक कोण तर जमशेटजी टाटा. ज्या माणसाने नागपूरला एम्प्रेस मिल उभी केली १८७७ साली, ज्याला यंत्राच्या स्क्रूपर्यंत माहिती लागायची, जो या हॉटेलसाठी स्वतः युरोपभर फिरून सामान बघत होता, तो माणूस आपलं हॉटेल उलटं चाललंय हे बघत गप्प बसला? कुणाला पटतं का हे?

आता खरं काय ते. ताजचं मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूलाच होतं, आणि ते मुद्दाम तसं होतं. आज जिथे पाहुण्यांचा स्विमिंग पूल आहे ना, त्या बाजूने लोक आत यायचे. इमारतीचा आकार वरून बघितला (हल्ली मोबाईलच्या नकाशात सॅटेलाइट लावून कुणालाही बघता येतो, तुमच्या लेखकालाही) तर इंग्रजी यू सारखा आहे, आणि त्या यूचं तोंड पश्चिमेला, म्हणजे शहराकडे. समुद्राकडे ती लांबच लांब सरळ भिंत आणि तिच्या दोन टोकांना मागे गेलेले दोन हात. त्या दोन हातांच्या मधल्या जागेत घोडागाड्या वळायच्या, थांबायच्या. १९०३ साली पाहुणा येणार कशातून? व्हिक्टोरियातून किंवा बग्गीतून, फोर्टकडून नाहीतर कुलाब्याकडून. म्हणजे शहराच्या बाजूनेच.

आणि वारा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो कारण तो आपल्या शाळेच्या भूगोलातला आहे, खारे वारे आणि मतलई वारे. ताजच्या समोर जो समुद्र दिसतो तो मुंबईच्या पूर्वेचा, बंदराचा, आमच्या उरण-मांडव्याच्या बाजूचा. दुपारी मुंबईत वारा येतो तो पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून. कुलाबा म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, आणि त्या काळात बॅकबेला आजच्यासारखी भर घातलेली नव्हती, नरिमन पॉइंट नव्हता, कफ परेडचे टॉवर नव्हते, म्हणजे पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर. मग पश्चिमेला तोंड उघडून ठेवलेला यू काय करतो? दुपारचा वारा दोन्ही हातांमधे घेतो आणि खोल्यांमधे सोडतो. एसी नव्हते हो तेव्हा. पंखे होते, ते अमेरिकेहून आणलेले, पण मे महिन्यात मुंबईत नुसत्या पंख्याने काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि पूर्वेला सरळ भिंत ठेवल्यामुळे त्या बाजूच्या खोल्यांना थेट बंदर दिसतं, सकाळचा सूर्य दिसतो. म्हणजे वारा मागून आणि देखावा पुढून. ज्याने हे काढलं त्याला नकाशा सुलट धरता येत नव्हता असं म्हणायचं आपण?

अजून एक. लोक म्हणतात की बघा, गेटवेकडे पाठ केलीय. अहो, गेटवे होतंच कुठे! ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, तेही सगळं पूर्ण झालेलं नसताना, पहिल्या दिवशी सतरा पाहुणे होते म्हणतात. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले डिसेंबर १९११ मधे, गेटवेची पायाभरणी १९१३ च्या मार्चमधे, जॉर्ज विटेटचं डिझाइन पक्कं झालं १९१४ ला, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. म्हणजे ताज गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं आहे. आणि त्यातही गंमत बघा, आज आपण जिथे उभं राहून सेल्फी काढतो, ती मोकळी जागाच तेव्हा नव्हती. गेटवेसाठी भर घालून नवीन समुद्राची भिंत बांधायचं काम १९१५ ते १९१९ च्या दरम्यान झालं. म्हणजे आज जी बाजू आपल्याला 'समोरची' वाटते तिच्या समोरची जमीनच नंतर आलीय. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तर १९६१ चा. आपण सगळं एकत्र बघतो म्हणून आपल्याला वाटतं की सगळं एकदम बांधलं असेल आणि एक हॉटेल तेवढं चुकलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

या गोष्टीचा मला राग का येतो, तर ती नुसती खोटी आहे म्हणून नाही. खोट्या गोष्टी मुंबईत शंभर आहेत, त्यातल्या काही मला आवडतातही. राग येतो कारण या गोष्टीमुळे खरी माणसं पुसली गेलीत. ताजचे मूळ आर्किटेक्ट होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. दोघंही इथलेच. पुढे काम पूर्णत्वाला नेलं ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरने, आणि बांधकामाचा कंत्राटदार होता खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर, आडनावच कॉन्ट्रॅक्टर, पारशी लोकांचं हे मला फार आवडतं. आतला तो प्रसिद्ध मधला जिना, जो आधाराशिवाय तरंगल्यासारखा वर जातो, तो याच सोराबजींनी डिझाइन करून बांधला. म्हणजे मालक पारशी, आर्किटेक्ट वैद्य आणि मिर्झा, कंत्राटदार पारशी, शेवटी एक इंग्रज, अशी ती टीम. आणि आपल्या गोष्टीत काय उरलं? एक बिननावाचा साहेब, जो चुकला आणि मेला. वैद्य नाहीत, मिर्झा नाहीत, सोराबजी नाहीत, चेंबर्ससुद्धा नाही. भव्य इमारत म्हटली की ती साहेबानेच काढली असणार हे आपण इतकं गृहीत धरतो की चूक शोधली तरी ती साहेबाच्याच नावावर टाकतो!

वैद्यांबद्दल जरा सांगते कारण तुमच्या लेखात त्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. व्हीटी स्टेशन, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलं हे सगळ्यांना माहीत आहे. दहा वर्षं काम चाललं, १८७८ ते १८८८. त्या कामावर स्टीव्हन्सचे असिस्टंट इंजिनियर होते हेच सीताराम खंडेराव. त्यांच्याबरोबर सुपरवायझर म्हणून माधेराव जनार्दन. म्हणजे मुंबईतला त्या काळचा सगळ्यात मोठा घुमट, सगळ्यात अवघड दगडकाम ज्या माणसाने जवळून बघितलं, करवून घेतलं, तोच माणूस पुढे जाऊन ताज काढतो. आता परत एकदा दोन्ही इमारती डोळ्यासमोर आणा. मधे एक मोठा घुमट, बाजूला छोटे, थोडं गॉथिक, थोडं आपल्याकडचं, कमानी, सज्जे. व्हीटी आणि ताज एकमेकांचे नातेवाईक वाटतात की नाही? वाटणारच, एकाच हाताखालून गेलेत. स्टीव्हन्सच्या हाताखाली शिकलेला माणूस, आणि मग एका हिंदी मालकाने हिंदी पैशातून बांधलेल्या इमारतीवर तेच कसब वापरतो, यात जी खरी गोष्ट आहे ती त्या आत्महत्येपेक्षा कितीतरी रंगतदार आहे की नाही? पण ती सांगायला कुणाला वेळ नाही.

हे काही गुपित नाहीये बरं का. ज्यांनी ज्यांनी ताजवर अभ्यास करून लिहिलंय त्यांच्याकडे ही नावं आहेत, इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतात. फक्त गोष्टीत येत नाहीत. भाऊच्या धक्क्याचं बघा, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोक त्यांना भाऊ म्हणायचे, त्यांनी धक्का बांधला आणि आज दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी बसचा कंडक्टर, मासळीवाली, मांडव्याला रो-रोने जाणारा गाडीवाला, सगळे दिवसातून शंभर वेळा भाऊंचं नाव घेतात. भाऊंना ते भाग्य मिळालं. आमच्या रायगडातून मुंबईत उतरणाऱ्या माणसाने भाऊच्या धक्क्यावर उतरलं तर त्याला भाऊ माहीत, आणि गेटवेला उतरलं तर समोर वैद्यांचं काम दिसतं पण वैद्य माहीत नाहीत.

मी स्वतः मांडव्याच्या लाँचने जाऊन येऊन असते, पावसाळ्यात लाँच बंद असते तेव्हा रस्त्याने. वरच्या डेकवर बसलं की मुंबई हळूहळू वर येते, आधी ताजचा तो उंच नवा टॉवर दिसतो, मग घुमट, मग गेटवे. आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी एक काका आपल्या घरच्यांना सांगायला सुरू होतात, 'ते बघ ते, उलटं बांधलंय'. मी सुरुवातीला मधे बोलायचे. आता बोलत नाही, कारण लोकांना वाईट वाटतं, सहलीच्या आनंदात कुणी बाई येऊन मास्तरकी करते म्हणून. एका काकांनी मला सांगितलं की मॅडम तुम्हाला जास्त माहितीय का, पेपरात आलंय. त्यावर काय बोलणार! म्हणून तुम्हाला लिहितेय, काकांना नाही.

लेखात दुसरी गोष्टही होती, वॉटसन हॉटेलची. की जमशेटजींना काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलमधे 'फक्त युरोपियनांसाठी' म्हणून दारातून परत पाठवलं आणि मग त्यांनी सूड म्हणून ताज बांधलं. हिच्याबद्दल मी तेवढा हट्ट धरणार नाही, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात हिंदी माणसाला कशी वागणूक मिळत असेल हे सांगायला पुरावा कशाला पाहिजे. पण लव्हॅट फ्रेझर, जो तेव्हा टाइम्सचा संपादक होता आणि जमशेटजींना जवळून ओळखत होता, त्याने लिहून ठेवलंय की हॉटेलची कल्पना त्यांच्या डोक्यात बऱ्याच काळापासून होती, त्यांनी त्याचा अभ्यास केला होता, हॉटेलचा मालक व्हायची हौस त्यांना नव्हती, लोकांनी हिंदुस्थानात यावं आणि मुंबई सुधारावी एवढंच त्यांना पाहिजे होतं. हे सुडापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं. आणि वेळ कुठली ते बघा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात प्लेग सापडला, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला, ते मूळचे गोव्याचे. त्यानंतर मुंबई रिकामी होत होती, गाड्या भरभरून लोक गावाला पळत होते, आमच्या पणजोबांच्या पिढीचे कितीतरी लोक तेव्हाच परत कोकणात गेले. अशा शहरात, लोक सोडून जात असताना, एक माणूस म्हणतो की मी इथे जगातलं सगळ्यात भारी हॉटेल बांधतो. त्याच्या बहिणी म्हणे वैतागल्या होत्या, की तू विज्ञानाची संस्था काढणार, पोलादाचा कारखाना काढणार, आणि आता भटारखाना? ही गोष्ट टाटांच्या चरित्रांमधून येते आणि खरी असो नसो, घरातल्या बहिणी असंच बोलणार याबद्दल मला शंका नाही.

आणि गंमत म्हणजे, त्यांच्या चार मोठ्या स्वप्नांपैकी पोलाद, विज्ञान संस्था आणि पाण्यावरची वीज या तिन्ही गोष्टी ते गेल्यावर झाल्या. आमच्या खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं. जमशेटजींनी डोळ्यांनी बघितला तो फक्त भटारखाना. मे १९०४ मधे ते जर्मनीत वारले, हॉटेल उघडून जेमतेम पाच महिने झाले होते.

लेखात पहिल्या महायुद्धाचा उल्लेख अर्ध्या ओळीत उरकलाय. तेव्हा या हॉटेलचं सहाशे खाटांचं हॉस्पिटल केलं होतं. यावर खरं तर एक वेगळा लेख होईल, कुणीतरी लिहा. त्यामानाने कुठल्या राजाने आणि कुठल्या नटाने कुठल्या खोलीत मुक्काम केला याला तुम्ही अर्धं पान दिलंत, ते मी सरळ सोडून दिलं वाचताना. हां, सी लाउंजमधल्या बघण्याच्या कार्यक्रमांबद्दल लिहिलंत ते मात्र आवडलं, समुद्र बघत चहा आणि मुलगा-मुलगी एकमेकांना बघतायत, आमच्याकडे ते कांदेपोह्यांवर भागतं आणि बिल पण येत नाही.

२००८ मधल्या २६/११ च्या हल्ल्याबद्दल थोडं बोलते, कारण आता गेटवेवरचे काही गाइड त्याचीही गोष्टच करायला लागलेत, 'यहाँ से घुसे, वहाँ से कूदे' असं हातवारे करून. त्या इमारतीत एकतीस माणसं गेली. मेजर संदीप उन्नीकृष्णन सगळ्यांना माहीत आहेत आणि असायलाच पाहिजेत. पण एसआरपीएफचा (राज्य राखीव पोलीस दलाचा) जवान राहुल शिंदे तिथेच गेला, त्याचं नाव किती जणांना सांगता येईल? त्याच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी गावाला राहुलनगर नाव दिलं. गावाला जे सुचतं ते आपल्याला शहरात सुचत नाही. हॉटेलमधे आग लागली, घुमटाच्या खालून ज्वाळा निघताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्या, मला वाटलं होतं की सगळं कोसळणार. घुमट उभा राहिला. टॉवरची बाजू त्याच वर्षी २१ डिसेंबरला उघडली आणि जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला. शंभर वर्षांपूर्वी चुन्याने-दगडाने बांधलेलं काम तीन दिवसांच्या आगीतून आणि स्फोटांतून उभं राहतं तेव्हा निदान त्या वेळी तरी कुणीतरी विचारायला पाहिजे होतं की बाबा बांधलं कुणी हे. तेव्हाही टीव्हीवर तीच उलट्या इमारतीची गोष्ट सांगत होते, मी स्वतः ऐकलंय.

आणि २०१७ मधे ताजच्या इमारतीच्या चित्राचा ट्रेडमार्क घेतला गेला, भारतात एखाद्या इमारतीला असा ट्रेडमार्क मिळायची ती पहिलीच वेळ. म्हणजे आता तो घुमट आणि ती दर्शनी बाजू परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही, त्यांची इमारत आहे, त्यांनी जपलीय, आणि आगीनंतर ज्या जिद्दीने परत उभी केली त्याला तोड नाही. फक्त चित्राचा हक्क ज्या दिवशी नोंदला गेला त्या दिवशीच्या बातम्यांमधे ज्यांनी ते चित्र पहिल्यांदा कागदावर काढलं त्यांची नावंही आली असती तर बरं वाटलं असतं.

आता माझं म्हणणं काय. हॉटेलच्या आत पाटी लावा असं मी म्हणत नाही, आत जाणारे लोक वेगळे आणि त्यांना हेरिटेजची माहिती द्यायला लोक असतात. मला पाटी बाहेर पाहिजे. जिथे बॅरिकेड आहेत, जिथे शेंगदाणेवाला बसतो, जिथे एका मिनिटात फोटो छापून देणारे उभे असतात, तिथे. मराठीत, मोठ्या अक्षरात, चार ओळी. कोणी बांधलं, कधी बांधलं, गेटवे नंतर आलं, दार मागच्या बाजूला का होतं. महापालिकेने लावावी, पर्यटन खात्याने लावावी, मेरिटाइम बोर्डाने लाँचच्या तिकीट खिडकीजवळ लावली तरी चालेल, तिथे लोक रांगेत उभे असतात आणि वाचायला दुसरं काही नसतं. खर्च तो काय असा? पुतळा मागत नाही, चौकाला नाव द्या म्हणत नाही, त्यावरून परत दोन पक्षांत भांडणं लागतील.

आणि गाइड लोकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना जे सांगितलं तेच ते सांगणार, आणि आत्महत्येच्या गोष्टीवर टिप मिळते हेही खरं आहे. पण सरकारी परवान्याचे जे गाइड आहेत त्यांच्या प्रशिक्षणात हे घालता येईल. शाळांच्या सहली तर रोज येतात तिथे, डिसेंबर-जानेवारीत नुसत्या लाल-पिवळ्या टोप्यांची रांग असते. त्या पोरांपैकी एखादीला जरी कळलं की व्हीटीवर काम केलेल्या आपल्या इथल्या एका इंजिनियरने हे काढलं, तर तिच्या डोक्यात काय सुरू होईल सांगता येत नाही. मला तिच्या वयात ती आत्महत्याच सांगितली होती, आणि मी बरीच वर्षं तीच पुढे सांगितली असणार.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे की येत्या १६ डिसेंबरला, ताजच्या वाढदिवसाला, एक छोटी चौकट द्या. 'तुम्हाला हे माहीत आहे का?' असंच शीर्षक ठेवा, तुमचं आवडतं आहे ते. खाली सीताराम खंडेराव वैद्य, डी. एन. मिर्झा, सोराबजी कॉन्ट्रॅक्टर, चेंबर्स, आणि तो वाऱ्याचा मुद्दा. जागा कमी पडली तर मी काटछाट करून पाठवते, मानधन नको.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये)
चोंढी, ता. अलिबाग

ता.क. लेखात सगळ्यात वर जो मोठा फोटो आहे त्याच्याखाली '१९०३ मध्ये बांधलेले ताज' असं छापलंय, पण फोटोत अर्ध्यापेक्षा जास्त जागा त्या उंच टॉवरने घेतलीय. तो टॉवर १९७० नंतरचा आहे, तिथे आधी ग्रीन्स हॉटेल होतं ते पाडून बांधला. छापील अंकाचं आता काही करता येणार नाही, पण वेबसाइटवर तेवढी ओळ बदला.